हुकूम आणि भार

फ्रीगंजातील टॉवर चौकापासून आमचे घर हाकेच्या अंतरावर आहे. रुळांच्या पलीकडे जुनी उज्जयिनी, महाकाल आणि क्षिप्रा. अलीकडे ही दुकानांची आणि रुंद रस्त्यांची पेठ. मधला रेल्वेपूल ओलांडला की देवाच्या राज्यातून व्यवहाराच्या राज्यात आल्यासारखे वाटते. शिंदेशाहीच्या चाकरीनिमित्त आमचे पूर्वज कोकणपट्टी सोडून माळव्यात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, देवापुढे आणि रागाच्या भरात कोंकणी, बाजारात हिंदी, अशी आमची त्रिवेणी आजतागायत वाहते आहे.

महाकालाच्या गावी राहणाऱ्याला पाहुण्यांची ददात नसते. गोव्याहून, कारवाराहून, मुंबईहून कोणी ना कोणी येतच असतो. प्रत्येकाला पहाटेची भस्मारती पाहावयाची असते आणि प्रत्येकाचे विमान वा गाडी इंदुरास अवेळीच पोहोचते. त्यांना आणावयाचे काम अर्थातच माझे. निवृत्तीनंतर माणसाला सारथ्याचे पद आपोआप मिळते, आणि त्या पदाला निवृत्तीचे वय नसते! इंदूर काही फार दूर नाही, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. परंतु पौष-माघात माळव्यावर कधी कधी असे धुके उतरते, की बॉनेटच्या पुढचे दिसत नाही. अशाच एका रात्री माझी फार तारांबळ उडाली आणि गाडीला धुक्याचे जास्तीचे दिवे बसवून घ्यावयाचे मी ठरविले. येथून माझ्या कथेला, आणि खरे बोलावयाचे तर माझ्या अपराधाला, प्रारंभ होतो.

दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. गाडीचे दिवे, कर्णे, आसनांची आवरणे असा माल तेथे मिळे. मी शंभर-शंभर वॅटचे दोन दिवे पसंत केले. जितके मोठे तितके चांगले, हा माझा हिशेब. त्यांच्या जोडीला दोन दणदणीत हॉर्नही घेतले. बसवावयास आला तो अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा. त्याने दिव्यांवरचा आकडा वाचला, डॅशबोर्डावरचे चिमुकले बटण पाहिले आणि म्हणाला, "बाबूजी, रिले डलवा लीजिए. इतना लोड ये बटन नहीं झेलेगा."

मी किंमत विचारली. वायर आणि कामासकट चारशेच्या आसपास होत होते. ही गिऱ्हाइकाच्या खिशात आणखी एकदा हात घालण्याची दुकानदारी युक्ती आहे, अशी माझी खात्री झाली. "दिवे तर असेही लागतील ना?" मी विचारले. "लागतील," तो म्हणाला, "पण..." त्याचा तो 'पण' मी ऐकून घेतला नाही.

आठ दिवसांत फ्यूज दोनदा जळला. तिसऱ्यांदा जळला तेव्हा मी तणतणत दुकानात गेलो आणि त्याच पोराला म्हटले, "हा सारखा जळतो. मोठा घाल." त्याने मालकाकडे पाहिले. गिऱ्हाईक म्हणते तसे कर, अशी मालकाने मान हलविली. पोराने १० अँपिअरचा लाल फ्यूज काढला आणि त्या जागी ३० चा हिरवा बसविला. त्यानंतर तक्रार उरली नाही. लाल जाऊन हिरवा आला म्हणजे मार्ग मोकळा झाला, असेच मला वाटले.

२०१९ च्या जानेवारीत माझे थोरले बंधू आणि वहिनी मडगावहून आले. दादांनी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. इंदुराहून निघावयास रात्रीचे अकरा वाजले. सांवेर मागे पडले आणि धुके दाटले. मी मोठ्या ऐटीने बटण दाबले. पंधरा-वीस मिनिटांनी चिंध्या जळल्यासारखा वास येऊ लागला. शेतात कोणी काही पेटविले असेल, असे मी म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, वास आतूनच येतो आहे." तोच डॅशबोर्डाखालून धुराची लोळी निघाली आणि एका क्षणात सगळे दिवे गेले, धुक्याचे नव्हेत केवळ, सगळेच.

धुक्यात, चालत्या गाडीत, अकस्मात अंधार होणे म्हणजे काय, हे अनुभवावाचून कळावयाचे नाही. मागून मालमोटारी येत होत्या. गाडी अंदाजानेच कडेला घेतली. दादांना नि वहिनींना उतरवून रस्त्यापासून दूर उभे केले. बॉनेट उघडून बॅटरीचे टोक ओढून काढले, तेव्हा बोटे पोळली. धूर थांबला. एक मालमोटार इतक्या जवळून गेली, की तिच्या वाऱ्याने वहिनींचा पदर उडाला. कोणास इजा झाली नाही ही महाकालाची कृपा. माझी हुशारी तीत मुळीच नव्हती.

दुसऱ्या गाडीची वाट पाहत उभे असताना दादांनी विचारले, "हे काम कोणी केले होते?"

"दुकानातल्या एका पोराने," मी उत्तरलो.

या वाक्यात असत्य असे एक अक्षर नव्हते. तथापि इतके खोटे वाक्य मी आयुष्यात दुसरे बोललो नसेन.

"असल्या पोरासोरांच्या हाती माणसांचे जीव द्यावयाचे का? उद्या मालकाला सांग चांगले," दादा म्हणाले. आणि उद्या मी सांगितले. दादांच्या देखत, दूरध्वनीवरून, मोठ्या आवाजात सांगितले. मालकाने चारचारदा क्षमा मागितली.

दोन दिवसांनी गाडी एका वृद्ध मिस्त्रीकडे नेली. मोटारीच्या विजेच्या कामात त्यांचे केस पांढरे झाले होते. डॅशबोर्डाखाली डोके घालून त्यांनी वितळलेला वायरींचा जुडगा बाहेर ओढला. तांबे उघडे पडले होते आणि आवरणाचा काळा डिंक झाला होता. मग फ्यूज काढून त्यांनी उजेडात धरला. हिरवा, अखंड, नव्यासारखा.

"तार जल गई और फ्यूज साबुत!" ते म्हणाले, "ये किसने डाला?"

मी बोललो नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. एका लाकडी खोक्यावर मला बसवून त्यांनी जे समजाविले, ते मी येथे माझ्या शब्दांत देतो; कारण माझ्यासारखे अर्धशिक्षित हौशी आपल्या समाजात पुष्कळ असतील.

शंभर वॅटचे दोन दिवे म्हणजे दोनशे वॅट. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. भागाकार केला तर १६ हून अधिक अँपिअरचा प्रवाह होतो. घरातल्या दिव्याला आपण इतक्याच वॅटसाठी एक अँपिअरही लावीत नाही, कारण तेथे दाब २३० व्होल्टचा असतो. दाब थोडा असला की तेवढ्याच कामाला प्रवाह फार लागतो, आणि वायर तापते ती प्रवाहाने. तेही सरळ हिशेबाने नव्हे. प्रवाह दुप्पट झाला की त्याच वायरीतली उष्णता चौपट होते. डॅशबोर्डावरचे बटण आणि त्यामागची बारीक वायर ही थोड्याशा प्रवाहासाठी केलेली. माझ्या दिव्यांचा सारा भार मी त्यांच्यातून ओढीत होतो. लाल फ्यूज जळत होता तो याचसाठी. तो बिघडला नव्हता. तोच एकटा आपले काम चोख करीत होता. फ्यूज हा दिव्याचा रक्षक नसून वायरीचा रक्षक आहे, आणि म्हणून त्याचा आकडा वायरीच्या ताकदीवरून ठरावा लागतो, आपल्या सोयीवरून नव्हे. ३० चा फ्यूज जळण्यापूर्वी ती बारीक वायर जळणे हे विधिलिखितच होते. ती जळताना शेजारच्या वायरींनाही घेऊन गेली, म्हणून सगळेच दिवे विझले.

मग त्यांनी एक काळी चौकोनी डबी माझ्या तळहातावर ठेवली. काडेपेटीहून लहान. हाच तो रिले, जो मी चारशे रुपयांसाठी नाकारला होता.

तिच्या आत तारेचे एक वेटोळे असते आणि वेटोळ्यापुढे लोखंडाची एक पट्टी. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते लोहचुंबक होते आणि पट्टीला ओढून घेते. पट्टी सरकली की दुसराच एक जाड मार्ग जोडला जातो. प्रवाह थांबला की स्प्रिंग पट्टीला माघारी नेते आणि तो मार्ग तुटतो. वेटोळ्याला जागे करावयास अँपिअरचा पाचवा हिस्साही लागत नाही. बटणाने एवढेच द्यावयाचे. दिव्यांचा पंधरा-सोळा अँपिअरचा लोंढा बॅटरीपासून आपल्या स्वतंत्र, जाड वायरीने परस्पर दिव्यांकडे जातो. तो बटणाच्या वाऱ्यासही उभा राहत नाही.

"बटन हुकुम देने के लिए है बाबूजी, बोझ उठाने के लिए नहीं," मिस्त्री म्हणाले.

घरी आल्यावर या वस्तूचा मी थोडा मागोवा घेतला. रिले हा शब्द मुळात टप्प्याटप्प्यावर ताजी जनावरे तयार ठेवण्याचा आहे. दमलेला घोडा सोडावयाचा आणि ताजा जोडावयाचा. आपल्याकडचे डाकेचे जासूद तरी दुसरे काय करीत? पहिला दमला की थैली दुसऱ्याच्या हाती. मजकूर तोच, पाय नवे. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास ही विजेची युक्ती सिद्ध केली आणि पुढे तारायंत्राला तिचा फार उपयोग झाला. लांबच्या तारेतून येताना संदेश क्षीण होई. तो क्षीण प्रवाह वेटोळ्याला जागे करण्यापुरता पुरे, आणि मग नव्या बॅटरीचा ताजा प्रवाह तोच संदेश पुढे नेई.

आपल्या वाचकांना आणखी एक उदाहरण अधिक जवळचे वाटेल. शतकानुशतके उद्ध्वस्त असलेले महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले, ते राणोजी शिंद्यांच्या राज्यात. पण ते उभे करणारे होते त्यांचे दिवाण, आपल्यापैकीच एक, रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर. सत्तेचा शिक्का एकाच्या हाती असतो; दगड, चुना, मजूर आणि द्रव्य यांचा ओघ वाहून नेणारा मार्ग निराळा असावा लागतो. राजाने स्वतः घमेली उचलावयाची म्हटले, तर राज्यही बुडेल आणि देऊळही उठावयाचे नाही.

माझ्या गाडीचे काम मिस्त्रींनी दोन तासांत केले. ते करताना त्यांनी पाळलेले नियम मी वहीत टिपून घेतले. प्रथम शंभरचे दिवे त्यांनी काढावयास लावले आणि पंचावन्नचे बसविले. धुक्यात प्रखर प्रकाश आपल्याच डोळ्यांवर उलटतो. धुक्याचा दिवा खाली बसवावा, त्याचा झोत रुंद आणि जमिनीलगत असावा, आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत. आता भार नऊ-सव्वानऊ अँपिअरचा झाला. त्याला अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा निळा फ्यूज. हा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच बसविला. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणीही वाली नसतो.

रिलेच्या पायांवर आकडे असतात आणि ते बहुतेक सर्वत्र सारखे आहेत. ३० या पायाला फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर. ८७ या पायापासून दिव्यांकडे. ८६ ला बटणाकडून येणारा हुकूम आणि ८५ ला गाडीच्या सांगाड्याचे अर्थ. मधोमध ८७ए असा पाचवा पाय असला, तर तो रिले स्वस्थ असताना जोडलेला असतो. आपल्या कामी तो नाही, म्हणून मोकळा आणि झाकलेला ठेवावा. बटणाला मिळणारा प्रवाह चावी फिरविल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरीवरून घेतला, म्हणजे दिवे विसरून राहिले तरी सकाळी बॅटरी मेलेली सापडत नाही. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी कडे बसविले, नाही तर हादऱ्यांनी पत्रा वायर कापतो. रिलेचे पाय खाली राहतील असा तो टांगला, म्हणजे पाणी साचत नाही. अर्थचे टोक रंग खरवडून उघड्या धातूवर आवळले. नुसते पीळ देऊन आणि पट्टी गुंडाळून केलेला जोड त्यांना मुळीच खपत नव्हता. माळव्याच्या उन्हाळ्यात ती पट्टी सुटते.

याचा एक लाभ मला अनपेक्षित होता. लांब, बारीक वायरीत आणि जुन्या बटणात विजेचा दाब गळत असतो. साध्या तापतारेच्या दिव्याला मिळणारा दाब दहाव्या हिश्शाने उतरला, तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणून जाड, आखूड मार्गाने जोडलेले पंचावन्नचे दिवे मला आधीच्या शंभरांहून उणे वाटले नाहीत. हॉर्नलाही त्यांनी वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज दिला. निरनिराळ्या सुरांचे कर्णे मात्र १९८९ च्या मोटार नियमांप्रमाणे वर्ज्य आहेत, हे त्यांनी जाता जाता बजाविले.

नव्या गाड्यांविषयी त्यांनी एक इशारा दिला. त्यांत वायरींवर संगणकाची देखरेख असते. वाटेल त्या वायरीला टाका मारावयाचा नाही. रिले सुटतो त्या क्षणी त्याच्या वेटोळ्यातून विजेचा एक उलटा झटका निघतो. तो जिरविण्याची सोय ज्याच्या पोटात आहे असाच रिले अशा गाडीला घ्यावा आणि त्याचे ८५-८६ उलटसुलट करू नयेत. आणि शेवटचे म्हणजे, रिले हा काही रक्षक नव्हे. तो भार योग्य वाटेला लावतो. संकटात तोडावयाचे काम फ्यूजचेच. दोहोंपैकी एक आहे म्हणून दुसरा नको, असे म्हणता येत नाही.

काम संपले. पैसे देताना मी मिस्त्रींना विचारले, "त्या पोराने मला हेच सांगितले होते. त्याला हे कोठून ठाऊक?"

त्यांनी मान वर केली. "उसने बोला था?" एवढेच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला तेथे उभे राहवेना.

तसाच मी त्या दुकानात गेलो. मालकाला म्हणालो, की रिले त्याने सुचविला होता, मी नाकारला, फ्यूज मी बदलावयास लावला, तुमच्या देखत. मालक हसला आणि म्हणाला, की जाऊ द्या, त्याला तर मी त्याच दिवशी काढून टाकले. कोठे गेला? पिथमपुराकडे एखाद्या कारखान्यात लागला असेल, त्याला नक्की माहीत नव्हते. पत्ता नव्हता. नावसुद्धा मालकाला हाक मारण्यापुरतेच ठाऊक होते.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. इशारा देणाऱ्यालाच मी काढून टाकले होते. एकदा गाडीतून आणि एकदा दुकानातून. दोन्ही वेळा कारण एकच होते: इशारा मला गैरसोयीचा होता. हुकूम माझा होता, आणि त्याचा भार मात्र मी सर्वांत बारीक वायरीवर टाकला. रिलेचे तत्त्व यंत्रात जितके निर्दोष आहे, तितके ते माणसांत नाही. यंत्रात हुकूम आणि भार निराळे असावेत, यातच सुरक्षितता आहे. माणसांच्या व्यवहारात हुकूम देणाऱ्याने भाराचा हिशेब आपल्या नावे लिहून घ्यावा लागतो. नाही तर जळणारा दुसराच असतो आणि बटण दाबणारा अखंड राहतो, माझ्या त्या हिरव्या फ्यूजसारखा.

दादा तोवर मडगावास परतले होते. त्यांना मी सविस्तर पत्र लिहिले आणि काही लपविले नाही. थोरल्या भावाला साठी उलटल्यावर असे पत्र लिहिणे सोपे नसते. पंधरा दिवसांनी उत्तर आले. वहिनींचे गुडघे, मंगेशीची जत्रा आणि नारळाचा भाव असा सगळा मजकूर होता, आणि शेवटी कोंकणीत "देव बरें करूं" असे लिहून त्याखाली मराठीत एक ओळ होती: "त्या मुलाचा शोध सोडू नको."

शोध मी सोडलेला नाही. पिथमपुराला दोनदा जाऊन आलो. तेथे कारखाने पुष्कळ आहेत आणि त्या वयाची पोरे हजारोंनी. फ्रीगंजात मोटारीच्या विजेचे काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी विचारून ठेवले आहे. या अंकाचा वाचक असा कोणी तरुण कारागीर ओळखीत असेल, ज्याने उज्जयिनीत एका हट्टी म्हाताऱ्याला रिलेचा सल्ला देऊन पाहिला होता, तर त्याला एवढेच सांगावे, की त्याचे म्हणणे खरे होते आणि ते मी मालकाजवळ कबूल केले आहे.

पाहुणे अजून येतात. हिवाळ्यात रात्री रेल्वेपुलाच्या अलीकडे मी बटण दाबतो. ते आता थंड असते. बोटाला उबसुद्धा लागत नाही. बॉनेटखाली 'टक्' असा एक बारीक आवाज होतो आणि समोरचा रस्ता उजळतो. शेजारी बसलेले पाहुणे कधी कधी विचारतात, हा कसला आवाज? मी म्हणतो, रिले आहे. आणि पूल ओलांडून महाकालापर्यंत पोहोचावयास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्यांना हीच गोष्ट सांगतो.